हळव्या जंतूंसाठी थोडा गारवा

जळगाव
१३ एप्रिल १९९७

जीवराम,

अक्षर ओळखशील आणि पाकीट न फोडताच बेबाकडे देशील, अशी भीती आहे. बेबा, तसं झालं तर तू हे मोठ्याने वाच. तुझा नवरा पलीकडच्या खोलीत असेलच, आणि ऐकेलच.

नऊ वर्षांनी लिहिते आहे. तुझ्या लताच्या लग्नाबद्दल या पत्रात एक अक्षर नाही. मला तुझ्या केळीच्या बागेत थोडी जागा हवी आहे. मधल्या पट्ट्यात, जिथे भर दुपारीही ऊन जमिनीला शिवत नाही, तिथे एक माठ मावेल एवढी. माठात काचेच्या नळ्या असतील आणि नळ्यांत जंतू. घाबरू नकोस, असे जंतू तुझ्या-माझ्या पोटात जन्मभर नांदतात. मे महिनाभर ठेवायचे आहेत.

का, ते सांगते. सांगितल्याशिवाय मला राहवणारच नाही.

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हैदराबादहून एका शोधनिबंधाची झेरॉक्स पाठवली. ती वाचता वाचता मी वांग्याची भाजी करपवली आणि तशीच खाल्ली. जिवा, जंतूच्या जनुकांमध्ये त्याच्या सगळ्या कामांचे आराखडे असतात. पण आराखडा जागचा हलत नाही. त्याच्यावरून एक निरोप उतरवला जातो आणि तो निरोप वाचून प्रथिनं तयार होतात. पुस्तकात त्याला मेसेंजर आरएनए म्हणतात. हा निरोप जेमतेम दोन-तीन मिनिटं जगतो, मग त्याचे तुकडे होतात. तो वेळेवर मेला नाही तर जंतू कालचंच काम आजही करत बसेल. तेव्हा कुठल्या निरोपाला किती जगू द्यायचं, यावर त्याचा सगळा संसार चालतो.

मी तीस वर्षं वर्गात शिकवलं की हे तुकडे करणारी प्रथिनं सुटी सुटी फिरतात. ज्याला जिथे निरोप सापडेल तिथे तो तोडतो. आता हे लोक म्हणतात, ती सुटी नाहीतच. चौघं मिळून एका जागी बसलेली असतात. एक कापणारं. त्याला लांब शेपूट आहे आणि बाकीचे तिघे त्या शेपटीला धरून बसतात. दुसरं प्रथिन कापलेला तुकडा टोकापासून चघळत नेतं. तिसरं निरोपाला पडलेल्या गाठी सोडवतं, कारण गाठ आली की चघळणारं अडतं. आणि चौथं चक्क साखर पचवण्याच्या कामातलं आहे. ते तिथे काय करतं, अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. स्वयंपाकघरातली बाई कापणीच्या टोळीत कशी, असं वाटून मला रात्री हसू येत होतं.

हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आहे. सगळं नाही दिसणार, तेवढी यंत्रं आमच्या कॉलेजात नाहीत. पण कापणाऱ्याला थांबवलं की निरोप मरायचे राहतात, एवढं रंगावरून दाखवता येतं. त्यासाठी पुण्याहून एक वाण मागवलं आहे. त्याचं कापणारं प्रथिन उष्णतेला हळवं आहे. तीस अंशांवर नीट काम करतं, चव्वेचाळीसवर लुळं पडतं. या जंतूंना तीस अंशांवर वाढवायचं आणि ऐन वेळी चव्वेचाळीसवर न्यायचं, एवढाच प्रयोग.

आणि इथेच घोडं अडलं. आमच्या इनक्युबेटरला तापवता येतं, गारवता येत नाही. जळगावात आजच बेचाळीस आहे. लोकांना चव्वेचाळीस अंश मिळवायला वीज जाळावी लागते, मला तीस अंश कुठे मिळतील ते कळेना. तीस जूनला मी निवृत्त होते. सुट्टीतच माझी प्रयोगशाळा रिकामी करून तिथे दुसरा वर्ग आणायचा ठरलं आहे. म्हणजे मे महिन्यात झालं तर झालं.

काल डोळे मिटून विचार करत होते की या जिल्ह्यात मे महिन्यात गारवा कुठे असतो, तर तुझी बागच समोर आली.

मी भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये होते तेव्हा तू आबांबरोबर मला भेटायला यायचास आणि त्या चकचकीत फरशीवर पाय ठेवायला घाबरून पायरीवरच बसायचास. सिस्टरनी तुला जॅम लावलेला पाव दिला होता. तू मला कानात विचारलंस, "अक्का, हे लाल काय चोपडलं वं?" आणि खाऊन झाल्यावर, "अजून हाये का?" मी सिस्टरकडे मागितला होता आणि त्यांनी दिला होता. आता मी तुझ्याकडे मागते आहे.

तुझी
अक्का


जळगाव
२४ एप्रिल

जीवराम,

उत्तर नाही. हरकत नाही, पोस्टाला दोष देते.

जंतूंची पहिली खेप गेली. मी इनक्युबेटर बंद करून, ओलं गोणपाट गुंडाळून, समोर टेबलफॅन लावून चौतीसपर्यंत आणलं होतं. शनिवारी वीज गेली ती रविवारी संध्याकाळी आली. कॉलेजचा फ्रिजही त्याच झटक्यात जळाला. सोमवारी नळीतलं खाद्य नुसतं नितळ दिसलं, त्यात कुणी वाढलंच नव्हतं. पुण्याहून आणलेली मूळ नळी शेजारच्या शिंदेबाईंच्या फ्रिजमध्ये ठेवली आहे, दह्याच्या मागे. त्या दही लावायला घेतात तेव्हा माझा जीव वर-खाली होतो.

कॉलेजात एसी फक्त संगणक विभागात आहे. मी विचारून आले. तिथले सर म्हणाले, "मॅडम, आम्ही इथे चपलासुद्धा बाहेर काढायला लावतो. जंतू कसे येऊ देणार?" मी म्हटलं, जंतूंना चपला नसतात. त्यांना ते आवडलं नाही.

बाकी तयारी जोरात आहे. नवे निरोप लिहिणं एकदम बंद पाडायला एक लाल औषध लागतं. क्षयाच्या रोग्यांना देतात तेच, रिफॅम्पिसिन. क्षयाचा जंतूही निरोपांवाचून मरतो, म्हणून ते औषध. लिहिणं बंद केलं की जुने निरोप किती वेळ टिकतात तेवढंच उरतं मोजायला. मी आपल्या सावद्याच्या रुपचंदच्या दुकानात गेले. तोच, जो नवीपेठेत औषधं विकतो.

"मॅडम, कोनाले हाये?" त्याने आवाज बारीक करून विचारलं.

"कुणाला नाही रे. जंतूंना द्यायचं आहे."

"जंतूंलेच देतात माय ते," तो म्हणाला आणि माझ्याकडे असा बघत राहिला, की मला स्वतःच्याच तब्येतीची काळजी वाटली. वर सल्ला दिला की सकस खा, आणि जमलं तर हवापालट करा. मी म्हटलं, हवापालटासाठीच तर खटपट चालू आहे.

माठापुरती जागा, जीवराम. त्याहून जास्त काही नाही.

अक्का


जळगाव
२ मे

जीवराम,

काल बेबा येऊन गेली. बरोबर खारका, बदाम, गाईचं तूप आणि एक नवीन स्टीलचं ताट. ते ताट कशाला, ते मला आधी समजलं नाही. ती दारातच बसली, नाकाला पदर लावून, आणि रडायला लागली.

"अक्का, इतकं झालं आन् तुम्ही कळवलंसुदिक नही?"

"काय झालं?"

"रुपचंदनं सांगितलं सगयं. पूर्ण सावद्यात माहीत हाये."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि ते वेगळं ताटही कळलं. मी सांगितलं की मला क्षय नाही. ती म्हणाली, "असंच म्हनतात सगये." मी पुन्हा सांगितलं, ते औषध प्रयोगासाठी आहे. ती म्हणाली, "हो माय, बरं," आणि बदामाची पुडी माझ्याकडे अशी सरकवली, की तिच्या बोटांना माझी बोटं लागू नयेत.

माझी दोन्ही पत्रं तू फोडलेली नाहीस, हे तिच्याकडूनच कळलं. देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवली आहेस म्हणे. टाकून दिली नाहीस, तेवढं मी लक्षात ठेवलं.

आणि तू खाली उघड्या जीपमध्ये बसला होतास. गॅलरीतून मला तुझं टक्कल दिसलं. कधी पडलं रे? बेबा तुझा निरोप घेऊन वर आली, "ते म्हनतात, अक्काले म्हना बागात ये. तिथी हवा थंडी हाये. खोली झाडून ठेवली."

जीवराम, आजवर मी या एका वाक्यासाठी दोन पत्रं लिहिली, आणि ते मला रुपचंदच्या तोंडाळपणाने मिळालं. मी तिसऱ्यांदा बेबाला काही समजावलं नाही. पण तुला लिहून कळवते म्हणजे नंतर बोल नको. मी ठणठणीत आहे. कालच तीन जिने चढून आले. बागेत येते आहे ती जंतूंना घेऊन. हे वाचून नको म्हणायचं असेल तर सोमवारच्या आत कळव.

तू हेही फोडणार नाहीस, ते मला माहीत आहे. मंगळवारी येते.

अक्का


मळा
९ मे

जीवराम,

एक मैलावरून तुला पत्र लिहिते आहे, तुझा गडी वना याच्या हाती. तू बागेत येतोस, माझ्यापासून दहा पावलांवर उभा राहतोस आणि वनाला म्हणतोस, "अक्काले इचार, चहा झाला का." वना मान वळवून मला विचारतो. मी वनाला सांगते, झाला. तो पुन्हा मान वळवतो. त्याची मान दुखायला लागली आहे. काल मला म्हणाला, "मावशी, आता तुम्ही एक डाव बोला ना, मंग मी जरा बीडी ओढतो."

पण मला कशाचंही वाईट वाटत नाही, इतकी मी खूश आहे. बाहेर रस्त्यावर चव्वेचाळीस, तुझ्या बागेत तेहतीस, आणि ओल्या वाळूत पुरलेल्या माठाच्या आत एकोणतीस. मी तीन थर्मामीटर लावून तीन-तीनदा पाहिलं. खाद्य गढूळ झालं आहे, म्हणजे हळवे वाढताहेत. पहाटे नळी उजेडात धरली आणि आत तो ढगासारखा पांढरेपणा दिसला तेव्हा मी एकटीच हसले. तू अजून ठिबक घातलं नाहीस, जुन्या पाटानेच पाणी देतोस, लोक तुला नावं ठेवतात. पण त्या ओलीनेच हा गारवा आहे. माझ्यापुरतं तरी घालू नकोस.

काल मगनची टोळी कापणीला आली होती. लहानपणी आपण दोघं हे रोज पाहायचो, पण मी तेव्हा नुसते घड पाहायची. काल माणसं पाहिली. कापणारा खोडाला हात लावतो, पण झेलणाऱ्याचा खांदा घडाखाली आल्याशिवाय विळा चालवत नाही. झेलणारा घेऊन निघाला की वाटेतली लोंबती पानं बाजूला करायला एक जण. पुढे ट्रकपाशी बायका, पानांच्या गादीवर रचणाऱ्या. सगळे जवळ जवळ, एकमेकांना धरून. घड जमिनीला लागतच नाही. मी मगनला विचारलं, तू एकटाच कापत सुटलास तर? तो म्हणाला, "मंग केयी नही कापल्या, नुसता चिखल केला." आणि मला ती शेपटीला धरून बसलेली चौघं दिसली. त्यांच्यातल्या कापणाऱ्यालाही एकट्याने काही साधत नसणार. शिवाय ही टोळी नुसती मोडतोडच करते असं नाही. काही निरोप कच्चे, लांबट उतरतात, त्यांनाही तिथेच कापून मापात आणतात. काय ठेवायचं, काय मोडायचं, दोन्ही एकाच ठिकाणी.

टोळीत एक म्हातारा होता, वडाच्या बुंध्याशी टेकलेला. मगनला विचारलं, हा काय करतो? म्हणाला, "त्याले घरून भाकरी किती आल्या ते माहीत राह्यतं. त्याच्यावर आमी ठरवतो, आज किती कापाच्या." बाकीचे खो खो हसले आणि म्हातारा त्यांना शिव्या देत उठला. पण मी रात्रभर त्या साखरवाल्या चौथ्या प्रथिनाचा विचार करत होते. घरात खायला किती आहे, हे टोळीला कळावं म्हणूनच ते तिथे बसत असेल का? मला माहीत नाही. कुणाला तरी कधी तरी कळेल.

आता मुद्द्याचं. प्रयोग एकटीच्या दोन हातांनी होत नाही. हळवे आणि साधे, दोन्ही जंतू एकाच वेळी चालवायचे, मिनिटामिनिटाला दोन्हींतून काढायचं. तेव्हा पिपेट धरता येणारं आणखी एक माणूस हवं. वना हुशार आहे, पण काच त्याच्या बोटांत मोडते. माझ्या हाताखाली शिकलेलं, न चुकणारं एकच माणूस मला ठाऊक आहे. ती धुळ्याला रक्त-थुंकी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, लताच्या लग्नाबद्दल एक अक्षर नाही. ते अजूनही खरं आहे. लग्नाबद्दल काही नाही. तू न आलेल्या तिच्या लग्नात मी तिच्या बाजूने पाटावर बसले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बसेन, ते तुला माहीत आहेच. मी फक्त तिच्या हातांबद्दल लिहिते आहे.

काल फैजपूरहून एसटीडीवर तिच्याशी बोलले. म्हणाली, "आत्या, नानांनी बोलावलं तर येईन. तुझ्या बोलावण्याने नाही." मग तिच्या सासूने, भिकुबाईंनी, फोन ओढून घेतला, "तुना भाऊनी बलावं ते मीच तिले यष्टीमा बसाडसू. बठ्ठं घर मी देखसू." स्वतः तिला एसटीत बसवून मागे सगळं घर बघणारी सासू, असं घर मिळालं आहे तिला.

तू बोलव. प्रयोग पंधरा तारखेला आहे.

अक्का


मळा
११ मे, दुपार

जीवराम,

वना सांगतो, काल रात्री तू ओट्यावर बसून माझी चारही पत्रं एकापाठोपाठ एक वाचलीस. आणि मला निरोप पाठवलास, "खोटं बोलाले कॉन्व्हेंटात शिकवलं का?" मी बेबाला दोनदा सांगितलं होतं. तुला तर लिहूनही कळवलं होतं. पण रागाला पुरावे लागत नाहीत.

आज बारा वाजताचं पाणी या पट्ट्यात आलं नाही. वीज आली, पंप चालू झाला, मी पाटाकडे बघत बसले आणि पाणी वरच्या वाफ्यांत निघून गेलं. या पट्ट्याचं बारं, म्हणजे पाटाचं तोंड, तू मोडून पाणी दुसरीकडे वळवलंस. जमीन भेगाळायला लागली. अकराला माठात बत्तीस होतं, आता छत्तीस आहे. अडतीसला हळव्यांचं काम बिघडू लागेल. मूळ नळी शिंदेबाईंच्या फ्रिजमधून मी सोबतच आणली होती, तीही याच माठात आहे. हे गेले की संपलं. पुण्याहून पुन्हा मागवायला माझ्याकडे ना दिवस उरलेत, ना प्रयोगशाळा.

मघाशी वना आला. मान खाली घालून म्हणाला, "नाना म्हने, पोरीचं नाव काढू नका. बारं आत्ता सोडतो."

तर ऐक. साठ वर्षं पुरी होत आली आहेत मला. या नळ्या मला किती हव्या आहेत ते तू चारही पत्रांत वाचलंस. पण या बोलीवर मला पाणी नको. पोरीचं नाव मी काढणार. तिचं नाव लता जीवराम आहे आणि ती सगळ्या कॉलेजात पिपेट सर्वांत स्थिर धरायची. जंतू मेले तर माझा प्रयोग बुडेल, बाकी कुणाचं काही बिघडणार नाही. पण तुझ्याशी असा सौदा करून मी जळगावला गेले, तर धुळ्याला फोन कुठल्या तोंडाने करू?

पत्र वनाकडे देते आहे. तोवर विहिरीवरून कळशीने पाणी आणून वाळूवर ओतते. मला जमतं. कॉन्व्हेंटात बागेला पाणी घालायची पाळी असायची.

अक्का


त्याच दिवशी, संध्याकाळ

हे वनाकडे देणार नाही. तुला पाठवायचंही कारण नाही, तू इथेच होतास. पण लिहिल्यावाचून झोप येणार नाही.

मी पाचवी का सहावी कळशी आणत होते. पदर कमरेला खोचलेला, चष्मा घामाने घसरलेला. वरच्या बांधावर तू फावडं घेऊन उभा होतास, किती वेळ ते देव जाणे. मी वर पाहिलं नाही. कळशी ओतली, थर्मामीटर काढला, सदतीस. माझे डोळे भरून आले आणि आकडे दिसेनात.

फावड्याचे दोन घाव ऐकू आले. मग तुझा आवाज, अगदी माझ्या मागे.

"अक्का, पाय काढ. पानी येऊ राह्यलं."

वना तिथे नव्हता. तू मलाच म्हणालास.

मी पाय काढला नाही. पाणी घोट्यांवरून गेलं. तू बराच वेळ पाटात मातीचे गड्डे इकडचे तिकडे करत राहिलास आणि मग म्हणालास, "सदोतीसवर मरतात का ते?" मी म्हटलं, अजून नाही. "मंग रडते कायले?" असं म्हणून निघून गेलास.

साडेसहाला एकतीस. जगले.


जळगाव
१९ मे

प्रिय जिवा,

कॉलेजच्या कलरीमीटरवर सगळ्या नळ्या मोजून झाल्या. आकडे घेऊन मी व्हरांड्यातून धावत आले आणि शिपायाने विचारलं, मॅडम, कुणी गेलं का? म्हटलं, नाही रे, जगले.

तू तिथे होतास, तरी सगळं पुन्हा लिहिते. असं पुन्हा पुन्हा लिहिण्याचं सुख मला दुसऱ्या कुणाजवळ मिळायचं नाही.

दोन पातेल्यांत उन्हानेच तापलेलं पाणी, चव्वेचाळीस. वना गरम-गार पाणी घालून ते तिथेच राखत होता आणि एकदाही चुकला नाही. बेबा दोन्ही चंबू हलवत होती, पाळणा हलवावा तशी. जंतूंना आपण आधी असं काही दिलं, की दुधातली साखर तोडणाऱ्या प्रथिनाचे निरोप भराभर लिहिले जावेत. मग ते लाल औषध टाकलं, लिहिणं बंद. आता जुना निरोप जिवंत असेल तोवरच ते प्रथिन वाढत राहणार. दर मिनिटाला काढलेल्या थेंबात ते किती आहे, ते पिवळ्या रंगावरून कळतं. जितकं जास्त, तितका पिवळा गडद.

साध्या जंतूंच्या नळ्या चौथ्या मिनिटापर्यंत गडद होत गेल्या आणि तिथेच थांबल्या. निरोप संपले होते, टोळीने आपलं काम केलं होतं. हळव्यांच्या नळ्या शेवटपर्यंत गडद होत राहिल्या. बारावी तर हळदीसारखी होती. कापणारा उष्णतेने लुळा पडला, बाकीचे बसून राहिले, आणि निरोप जगत राहिले. मी जन्मभर फळ्यावर ज्याचे बाण काढले, ते घडताना पाहिलं. पुण्याला कळवलं तर म्हणतील, यात नवीन काय? नाहीच काही. चौघं एकत्र बसतात हेही मी सिद्ध केलं नाही, ते त्या लोकांनी केलं. मला पाहायचं होतं, मी पाहिलं.

आणि एक कबूल करायला हवं. ते औषधच लालसर असल्याने त्याचा रंग पिवळ्यात मिसळतो. तो वजा करायला जंतूंशिवाय एक कोरी नळी लावावी लागते. उत्साहात मी ती विसरले होते. लताने सकाळी आल्या आल्या सामान पाहिलं आणि विचारलं, "आत्या, कोरी कुठे आहे?" ती नसती तर हे सगळे आकडे मी कुणाला दाखवू शकले नसते.

तू तिला बोलावलं नाहीस. चौदा तारखेला संध्याकाळी फक्त वनाला म्हणालास, "उद्या गाडी जुपून सावद्याच्या स्टँडवर जाय. धुय्याची पहिली गाडी येईपर्यंत थांब." मग मी रात्रीच फैजपूरला जाऊन फोन केला. तिने विचारलं, "नाना काय म्हणाले?" मी सांगितलं, बैलगाडी पाठवताहेत. पलीकडे भिकुबाई पिशवी भरायला लागल्या, ते मला फोनवर ऐकू येत होतं.

ती बागेत आली तेव्हा तू केळीच्या पिलांत, बुडाशी फुटलेल्या कोंबांत, काहीतरी छाटत होतास आणि मान वर केली नाहीस. ती तुझ्या पाया पडायला खाली वाकली. तू म्हणालास, "हं." एवढंच. मला वाटलं, आता दिवसभर वना पुन्हा मान वळवणार.

पण मिनिटं पुकारायला माणूस हवा होता. घड्याळ फक्त तुझ्याकडे होतं आणि ते तू कुणाला देत नाहीस. मी तुला सांगितलं होतं, मिनिट झालं की नुसता आकडा म्हण. मी साध्या जंतूंपाशी, लता हळव्यांपाशी, तिची पाठ तुझ्याकडे. मी औषध टाकलं आणि तुला खूण केली. तू घड्याळ डोळ्यांजवळ धरलंस. एक मिनिट बागेत बेबाच्या चंबूंशिवाय कशाचाच आवाज नव्हता.

"लते, एक."

तिचा हात थांबला. तिथे एक क्षण चुकला तर सगळं चुकलं असतं. पण थांबला तो तेवढाच. मग पिपेट खाली गेली आणि नेमकी वर आली.

"लते, दोन."

"लते, तीन."

माझं नाव तू एकदाही घेतलं नाहीस, मीही त्याच आकड्यांवर काम करत होते. नऊ वर्षांत तिला हाक मारली नव्हतीस ना रे. मी खाली मान घालून थेंब काढत राहिले. लताचे डोळे वाहत होते, ते पुसायला तिच्याकडे हात मोकळा नव्हता. बेबा चंबू हलवत होती आणि पदराने स्वतःचं नाक पुसत होती. नववा आकडा नीट आलाच नाही, पण आम्हाला कळला.

"लते, बारा."

शेवटचा थेंब नळीत गेला. प्रयोग संपला. मी पिपेट खाली ठेवली, वनाने पातेल्यातला हात काढून झटकला, बेबा मटकन खाली बसली. तू घड्याळ तसंच डोळ्यांजवळ धरून उभा होतास.

"लते, तेरा."

तिने वळून पाहिलं. "नाना, बारालाच संपलं."

"संपू दे," तू म्हणालास. "चौदा." मग घड्याळ खाली घेतलंस. "पानी पी आधी. मंग मले सांग, हे पिवयं कशानं होतं ते. तुह्या आत्याचं चार पत्रांत मले काही समजलं नही."

ती तुझ्याजवळ बांधावर जाऊन बसली आणि सांगायला लागली. एका ठिकाणी ती चुकत होती. चघळणारं प्रथिन कुठल्या टोकाकडून सुरू करतं, ते तिने उलटं सांगितलं. तीस वर्षांत मी विद्यार्थ्याची एवढी चूक कधी जाऊ दिली नव्हती. मी नळ्यांचं स्टँड उचललं आणि विहिरीकडे गेले.

तुझी
अक्का